पोर्टोच्या तळघरातला फोटो

बाई, तुमची, माझी आणि माईकसमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईची तक्रार एकच आहे. वर्षानुवर्षं आपण घसा कोरडा करून बोलतो तेव्हा समोरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, आणि एकदा आपल्या हातात ग्लास दिसला की अख्खं गाव बघायला उभं राहतं. तुमच्या वाट्याला हे आलं नाही, कारण तुमच्या काळात प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता. माझ्या वाट्याला आलंय आणि शाळेत मला भाषण करायला शिकवलंत म्हणून त्यात तुमचाही हात आहे, म्हणून हे तुम्हाला लिहितेय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला मला अजून तुम्हीच लागता.

आधी काय झालंय ते सांगते. चाकणच्या बाजूला, महाळुंग्याच्या पुढे एका गावातला बार बंद करायचा का यावर येत्या रविवारी मतदान आहे, आणि तो बंद व्हावा म्हणून तिथल्या सभांत मी बोलतेय. तुमच्या वेळी हा कायदा नव्हता, तुम्ही पिंपरीत दारूच्या दुकानासमोर नुसत्या बायका घेऊन बसायचात. आता मतदान होतं, फक्त बायकांचं. कागदावर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. बार चालू ठेवायचा असेल तर उभीवर शिक्का, बंद करायचा असेल तर आडवीवर. सोपं वाटतं ना? मेख पुढे आहे. गावात जेवढ्या बायका मतदार आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली पाहिजेत. आलेल्यांच्या निम्मी नव्हे, एकूण यादीच्या. म्हणजे जी बाई त्या दिवशी घरात बसली, तिचं मत फुकटात बारवाल्याला. त्याला एकही बाई आपल्या बाजूला वळवायची गरज नाही. फक्त बायकांचा उत्साह गेला पाहिजे. आणि तो घालवायला त्याला माझा फोटो मिळालाय. पोर्तुगालमधल्या एका तळघरात मी हातातला ग्लास नाकाशी धरून हसतेय. खाली लिहिलंय, ‘ताईंची पार्टी पोर्तुगालात, आमच्या धंद्यावर लात.’ यमक वाईट नाही, हेसुद्धा मला कबूल करावं लागतंय याचा जास्त संताप येतो.

माझा मुलगा चाकणच्या एका कंपनीत डिझाइनला आहे. कंपनीने त्याला काही महिने तिकडच्या कारखान्यात पाठवलं आणि त्याने हट्टाने मला बोलावून घेतलं. पोर्टो शहर, मधे नदी, आणि पलीकडच्या काठावर पोर्ट वाइनची जुनी गोदामं. तो म्हणाला, “आई, इथे येऊन हे बघितलं नाही तर काय बघितलं?” मी म्हटलं, “बघेन, पिणार नाही.” तो म्हणाला, “पिऊ नकोस. फक्त आत भाषण करू नकोस, एवढं प्रॉमिस कर.”

आत गारवा, अंधार, आणि सोसायटीच्या गच्चीवर असतात त्या पाण्याच्या टाक्यांएवढी लाकडी पिंपं. एक तरुण मुलगी माहिती देत होती. द्राक्षाचा रस आंबायला लागतो, साखरेची दारू होऊ लागते, आणि ते निम्म्यावर आलं की त्यात कडक स्पिरिट ओततात. आंबणं तिथेच थांबतं. उरलेली साखर तशीच राहते, म्हणून ही वाइन गोड आणि शिवाय जास्त चढणारी. भाषण ऐन रंगात असताना आयोजकांनी चिठ्ठी पाठवावी, ‘आवरा’, तसं काहीसं. मग ती वर्षानुवर्षं लाकडात ठेवतात, लाल रंग हळूहळू तपकिरी होत जातो. मी ऐकत होते आणि आतल्या आत पेटत होते. आमच्याकडे सेकंड शिफ्ट सुटली की कंत्राटी पोरं पत्र्याच्या आडोशाला उभ्या उभ्या घशात ओततात, ती गटारात पडतात, आणि इथे त्याच गोष्टीला तिकीट लावून, दिवे मंद करून इतिहास म्हणतात. शेवटी राहवलं नाही. भाषण नव्हे, एकच प्रश्न विचारला. म्हटलं, तुमच्याकडच्या बायका याबद्दल काय म्हणतात? ती मुलगी हसली. म्हणाली, “माझी आजी आजोबांच्या बाटलीत पाणी घालायची. आजोबा मरेपर्यंत म्हणत राहिले, हल्लीच्या वाइनमध्ये पूर्वीचा दम नाही.” मला ती तिथेच आवडली. तिला आमच्या मोहिमेत घ्यावं असं वाटलं.

पुढच्या दालनात जुन्या बाटल्या होत्या. भिंतभर, धुळीने माखलेल्या आणि झाडून सगळ्या आडव्या निजवलेल्या. मी खो खो हसायला लागले. मुलगा म्हणाला, “काय झालं?” म्हटलं, “अरे, इथे तर आपण कधीच निवडून आलोय.” तिथेच शेजारच्या टेबलावर चवीचे ग्लास मांडले होते, पांढरी, लाल, तपकिरी. त्या मुलीने लाल ग्लास माझ्या हातात दिला, म्हणाली, पिऊ नका, वास तरी घ्या. मी हसत हसतच तो नाकाशी नेला आणि मुलाने फोटो काढला. फोटोत दिसत नाही ते त्यानंतरचं. हसू थांबलं. कारण तो वास मला ओळखीचा होता, बाई. तो तुमच्या स्वयंपाकघराचा वास होता.

शाळा सुटलीय. वक्तृत्व स्पर्धा तोंडावर आलीय, आणि शाळेला कुलूप लागतं म्हणून सराव तुमच्या घरी. मी ओट्याला टेकून उभी आहे, विषय अर्थातच व्यसनमुक्ती. तुम्ही कणीक मळताय आणि सांगताय, “कुकरच्या शिट्टीच्या वर आवाज गेला पाहिजे, नाहीतर शेवटच्या रांगेतली बाई घरी जाईल.” मी सुरू करते, माझे वडील रोज दारू पिऊन येतात आणि आईला मारतात. तुमचे हात थांबतात. “तुझे वडील पितात?” “नाही बाई, पण असं म्हटलं की परीक्षक रडतात.” तुम्ही कणकेच्या हातांनीच दाराकडे बोट दाखवता. “चालती हो. मंचावर एकदा खोटं बोललीस की तुझ्या खऱ्यालाही किंमत राहणार नाही.” मी दाराशी रडत उभी राहते. थोड्या वेळाने तुम्ही ज्येष्ठमधाची कांडी आणून हातात ठेवता, चघळ म्हणता, घसा बसलाय. मग आत वळून तांदळाच्या डब्यामागची बाटली काढता, वाटीत थोडं लाल ओतता आणि एका दमात पिता. गोड, दाट वास येतो. कुणा विद्यार्थिनीच्या वडिलांनी कंपनीच्या सहलीहून, गोव्याहून आणलेली बाटली. “बाई, हे काय?” “टॉनिक. अंगात रक्त कमी आहे माझ्या.” “माझ्या आईला पण अशक्तपणा आहे.” “औषधाला प्रश्न विचारत नाहीत. पहिल्यापासून म्हण.” बाटलीवर इंग्रजीत पोर्ट वाइन लिहिलेलं होतं. मला तेव्हा ते वाचता येत होतं. मी वाचलंच नाही असं दाखवलं.

तुम्हाला ते खरंच टॉनिक वाटत होतं का? त्या काळी आपल्याकडे अर्ध्या पिंपरीला तसंच वाटायचं, बाळंतिणीला चमचाभर द्यायचे, आजाऱ्याला द्यायचे, द्राक्षाचाच रस आहे म्हणायचे. मी तुमच्या बाजूने हा मुद्दा स्वतःशीच अनेकदा मांडलाय. पण वाटी प्यायल्यावर तुम्ही जरा जास्त हसायचात, बाई. आणि ती वाटी कधी चुकली नाही. तळघरात उभी राहून मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की तुम्ही काय पीत होतात. म्हणून मी प्यायले. आयुष्यात पहिल्यांदा. मुलगा बघतच राहिला. आणि त्या भल्या माणसाने संध्याकाळी फोटो स्टेटसला लावला, ‘आई इन पोर्टो’, लाल हृदय वगैरे.

आता तो म्हणतो, “आई, सांगून टाक ना, फोटो एआयने बनवलाय. आजकाल लोक खऱ्यालाही एआय म्हणतात.” मी फोन ठेवला. काल त्या गावच्या आक्का आल्या होत्या. दोन बसा बदलून पिंपरीला. ही सगळी मोहीम त्यांनी उभी केलीय, उंबरे झिजवून सह्या गोळा केल्या त्यांनी. त्यांचा नवरा दिवसभर त्या बारच्या ओट्यावर असतो आणि सून त्याच कारणाने लेकराला घेऊन माहेरी गेलीय. बार बंद झाला तर येते, असं तिने सांगितलंय. आक्कांचं सगळं या एका रविवारवर आहे. चहाला हात न लावता त्यांनी विचारलं, “ताई, खरं सांगा, पेलात का तुमी?”

“हो. एक घोट.”

त्यांनी कप जरा जवळ ओढला. मग हळूच म्हणाल्या, “ग्वाड व्हती?”

“होती.”

“मंग आमच्या मालकाला तिकडंच धाडून द्या. इथली कडू पिऊन त्वांड लई कडू झालंय त्याचं.” आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता त्यांनी माझा हात धरला. “ताई, न्हाई म्हना. सरबत व्हतं म्हना. बायका तुमचं ऐकत्यात. खालच्या आळीच्या म्हनाय लागल्यात, तीच पिती तर आमी कशाला जायाचं मत द्याया. माझी नात हाय वो तिकडं.”

मी तेव्हापासून धुमसतेय. बारवाल्यावर नाही, तो त्याचं काम करतोय. तुमच्यावर. प्रत्येक सभेत या बायका टेबलावर तुमचा फोटो ठेवतात, हार घालतात, आणि मग मी बोलायला उभी राहते. मी का प्यायले हे सांगायचं तर तुमची वाटी सांगावी लागेल, आणि ती सांगितली तर तो हार कोमेजेल. सरबत म्हणायचं तर तुम्ही मला ज्या दारातून हाकललं होतं त्याच दारात उभी राहीन. सरबत आणि टॉनिक यांत फरक काय, हे तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही त्या दिवशी म्हणाला असतात, हो, वाइन आहे, मला लागते, मी सोडायचा प्रयत्न करतेय, तर मी तुमच्यावर कमी प्रेम केलं असतं का? उलट तीच गोष्ट मी गावोगाव सांगितली असती, आणि परीक्षकांना रडवायला मला खोटा बाप लागला नसता. तुम्ही मला आवाज दिलात आणि त्यातला सगळ्यात खरा विषय डब्यामागे ठेवलात.

उद्या संध्याकाळी शेवटची सभा आहे. मी ठरवलंय. फोटो खरा आहे, ग्लासात दारू होती, मी प्यायले, असं सांगणार. पुढे मला कुणी माईक दिला नाही तरी चालेल. आक्का नाराज होतील आणि मतदान हरलो तर मला तोंड दाखवणार नाहीत, हे ठाऊक असून सांगणार. तुमच्याबद्दल मात्र बोलणार नाही. म्हणजे उद्या मीही खरं अर्धंच बोलणार आहे, आणि तुमचा राग काढता काढता मी तुमच्याच शेजारी येऊन बसलेय. म्हणून हा कागद कुणाच्या हाती पडू नये, सकाळी फाडून टाकेन. फाडायच्या आधी एवढं लिहिते की आक्कांना सांगितलेला तो एक घोट नव्हता. मी ग्लास संपवला, आणि मला तो आवडला.

आता तुमच्याशी बोलणं पुरे. उद्याचं भाषण जिथे संपवायचंय ती वाक्यं लिहून काढते. बायांनो, माझं तोंड बघवत नसेल तर बघू नका, पण माझ्यावरचा राग त्या बारवाल्याला दान करू नका. रविवारी सकाळी घराबाहेर पडा, गावच्या शाळेत या आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारा.