मास्कआडची फुंकर

सोमवार, ३ फेब्रुवारी

घसा बसला. पुन्हा! फिजिओथेरपीच्या व्यायामवर्गात सहा माणसं, सहा मास्क, सातवा माझा, आणि वर तो खडखडणारा पंखा. "पाय उचला" म्हटलं की एक जण हात उचलतो, दुसरा उठून उभा राहतो. चार महिने हेच — दिवसभर ओरडायचं आणि संध्याकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या. नवरा म्हणतो, "तू हल्ली घरातही ओरडूनच बोलतेस." बोलत असेन.

मास्तरांनी आज परत मास्क नाकाखाली ओढला. निवृत्त मुख्याध्यापक. मांड्या पार झिजल्यात, जीभ शाबूत आहे. म्हणाले, "मॅडम, आधीच अंगात दम नाही, त्यात हे फडकं! दुष्काळात तेरावा महिना!" हसू आलं, पण दाखवलं नाही. दाखवलं असतं तरी दिसलं नसतं म्हणा. त्यांना शंभराव्यांदा सांगितलं — वर्गातल्या दोघांची औषधंच अशी आहेत की अंगात प्रतिकारशक्ती उरत नाही. तुमची साधी सर्दी त्यांना थेट अतिदक्षता विभागात पोचवेल. मास्क वर घेतला. डोळे वटारले ते वेगळं.

भिंतीवरचा कागद माझ्याच हातचा आहे: मास्क नाही तर वर्ग नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

प्रतिकारशक्ती नसलेल्या त्या दोघांतल्या एक म्हणजे छापखान्याच्या बाई. तीस वर्षं छपाईच्या यंत्राशेजारी काढली, कान तिथेच ठेवून आल्या. आता हा स्नायूंचा आजार. लोकांचं बोलणं त्या ओठांवरून ओळखायच्या. मास्क आले आणि बाई दुसऱ्यांदा बहिऱ्या झाल्या.

वर्ग सुटल्यावर त्यांची धाकटी बहीण थांबली. सहा महिने स्वतःचा संसार सोडून ती इथे राहतेय. म्हणाली, "अठ्ठावीसला मला परत जायलाच हवं. डॉक्टर म्हणतात, ताई हात न टेकता पाच वेळा खुर्चीतून उठली तर एकटी राहू शकेल. नाहीतर मी तिला घेऊन जाणार, तिचं घर बंद करणार. दुसरा काय उपाय आहे सांगा?" बाई शेजारीच बसल्या होत्या. एक शब्द कानावर गेला नसेल, पण सगळं कळलं होतं. पिशवीचे बंद उगीच सोडत होत्या, बांधत होत्या.

अठ्ठावीसपर्यंत दहा वर्ग. आज किती वेळा उठल्या? शून्य.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शून्य. जेवलेसुद्धा नाही नीट. झोपते.

सोमवार, १० फेब्रुवारी

चूक सापडली! बाईंच्या मांड्यांत अजून जोर आहे. पण उठताना त्या श्वास कोंडून धरतात. खरं तर जोर लावताना श्वास बाहेर सोडायचा असतो — ओठांचा चंबू करून, गरम दुधावर फुंकर मारतो तसा. बाईंचे ओठ दिसत असते तर पहिल्या दिवशीच लक्षात आलं असतं. आज उठायच्या प्रयत्नाआधी आणि नंतर रक्तदाब मोजला, तो श्वास कोंडल्यावर चढतो तसा एकदम चढलेला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या वर्षांचा अनुभव, आणि मला यंत्राने सांगावं लागलं!

मी ओरडले, "फुंका!" बाईंनी मान डोलावली आणि श्वास आणखी घट्ट धरला. बाकी पाचही जणांनी मात्र मनापासून फुंकलं. मास्तरांच्या चष्म्यावर धुकं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: उठताना श्वास सोडा. बाईंनी वाचलं, "हो हो, कळलं" म्हणाल्या. आणि उठताना पुन्हा कोंडला. त्या क्षणी आठवण करून द्यायला हवी, पण तेव्हा माझे दोन्ही हात त्यांच्या कोपरांखाली. कागद धरणार कोण? टॅक्सीवाले काका कागद घेऊन पुढे आले — दोन महिने दवाखान्यात पडून पोटऱ्या वाळल्यात बिचाऱ्यांच्या. आले आणि स्वतःच डुगडुगायला लागले! दोघांना सावरता सावरता माझी कंबर धरली.

लेकीने चहा करून दिला. तिला काय म्हणाले आठवत नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पारदर्शक खिडकीचा मास्क मागवला होता, तो आला. मोठ्या उत्साहाने लावला. दोन वाक्यांत आतून वाफ धरली. बाई म्हणाल्या, "मॅडम, आहात ना आत?" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मोरीत तोंड धुताना रडले. का ते माहीत नाही. फार दमलेय, एवढंच.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मास्तरांना आज वर्गातून घरी पाठवलं. मास्क हनुवटीवर, आणि वर म्हणतात, "पाच मिनिटांनी असं काय आभाळ कोसळणार आहे?" मी सगळ्यांसमोर भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना वर्गाबाहेर काढलं, तो खाली मान घालून, काठी टेकत बाहेर गेला. मला फार वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम. एकाला सोडलं की सगळेच सुटतात.

बाई एकदा उठल्या. माझ्या आधाराने. ते काही उठणं नव्हे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मास्तर आले! एकावर एक दोन मास्क लावून. "एक माझा, एक तुमच्या समाधानासाठी." माफी की टोमणा, कोण जाणे. वर्ग संपेपर्यंत एकही काढला नाही मात्र.

बाई: शून्य. बहिणीने खोकी आणून ठेवलीत. भांड्यांपासून सुरुवात करणार म्हणाली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पाच! पाच वेळा!!

नीट लिहिते. सगळे गेले होते. बहीण खाली औषधं आणायला गेली होती. बाई खुर्चीत बसून होत्या, उठायचं नावच घेईनात. मग एकदम म्हणाल्या, "मॅडम, तुमचं तोंड दाखवा हो. एकदाच. नुसतं बघितलं की जमेल मला." मी नको म्हणून मान हलवली. तर म्हणाल्या, "भांडी बांधून झाली आमची."

खिडक्या उघड्या होत्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाईंचा मास्क नाकावर नीट होता. मी माझा खाली ओढला.

बाई बघतच राहिल्या. "अगंबाई! एवढ्या तरुण आहात तुम्ही? डोळ्यांवरून मला वाटलं, माझ्याच बरोबरीच्या असाल!" पोट धरून हसलो दोघी. एवढे थकलेले दिसतात का माझे डोळे?

मग ओठांचा चंबू करून दाखवला. फूऽऽ. त्यांच्या मास्कचं कापड पुढे फुगलं — बरोब्बर! हात छातीवर दुमडायला लावले, मी समोर वाकून उभी. फूऽऽ — आणि बाई उभ्या! मी हातसुद्धा लावला नव्हता. खाली बसल्या, परत फूऽऽ, परत उभ्या. पाचव्यांदा पाय लटपटले, पण उठल्या. बहीण दारात कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. ती तिथेच मटकन खाली बसली आणि रडायला लागली. बाईंनी मला घट्ट मिठी मारली. "खोकी परत पाठव म्हणावं," माझ्या कानाशी म्हणाल्या.

किती दिवसांनी कामाचा आनंद झाला. नवऱ्याला सांगायला गेले तर आवाजच फुटेना. आज जरा जास्तच ओरडले बहुतेक. गुळण्या केल्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

दिवसभर अंथरुणात. अंग ठणकतंय. आठवड्याचा शीण एकदम बाहेर पडतोय. घसा तसाच.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पहाटे ताप भरला. घरात कोविड चाचणीची एक पट्टी उरली होती, ती वापरली. दोन रेघा. ठळक. घसा ओरडून बसला नव्हता.

बहिणीला फोन लावला. तिने उचलला आणि मला बोलूच दिलं नाही. "मॅडम, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला, आत्ताच तुमचं नाव निघालं होतं! ताईला रात्रीपासून खोकला आहे, पण ऐकते कुठे? सकाळपासून सात वेळा उठलीय खुर्चीतून. दर वेळी तुमच्यासारखं तोंड करून!"

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.