बिनचेहऱ्यांची माणसं

सर,

परवा तुमचं ते मोठं चित्र पुन्हा प्रदर्शनात लागलं. डावीकडे क्रेन, सळया, अर्धे चढलेले मजले. उजवीकडे खचलेल्या भिंती, आणि मधून चालत येणारी माणसं. त्यांना चेहरे नाहीत.

तुमची धायरीची खोली आठवते. खिडकीबाहेर ज्वारी, तिच्यापलीकडे गावातली पहिली मोठी इमारत उठत होती. तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवता आणि माझ्या हातातलं चित्र निरखता. मी तेव्हा बिल्डरांसाठी अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं रंगवायचे; वर निळं आकाश, दारात गाडी, फुललेला गुलमोहर. "छान आहे हो," तुम्ही म्हणालात, "फक्त एकाही गॅलरीत कपडे वाळत नाहीयेत. इथली माणसं ओलीच हिंडणार वाटतं?" मला भयंकर राग आला. तरी घरी जाऊन दोन गॅलऱ्यांत टॉवेल काढले. बिल्डरने ते पुसायला लावले.

पानशेतच्या पुरानंतरचं पुणं तुम्ही विद्यार्थी असताना पाहिलं होतं. "बांधायला काढलेलं घर आणि पडलेलं घर लांबून सारखंच दिसतं," तुम्ही म्हणायचात. "कुठलं कोणतं, ते समोरच्या माणसाच्या तोंडावरून कळतं." म्हणून त्या मोठ्या चित्रातले चेहरे तुम्हाला सगळ्यात शेवटी करायचे होते. पण तोवर तुमचा हात थरथरायला लागला आणि तुम्ही मला बोलावलंत. "चेहरे तू कर. मी शेजारी बसून सांगेन." इतकी मोठी शाबासकी तुम्ही मला कधीच दिली नव्हती. "रविवारी येते," मी म्हणाले. त्या रविवारी एका टाऊनशिपची चित्रं संपवायची होती. पुढच्याही रविवारी तेच कारण कळवलं. तिसऱ्या रविवारी आले, ती तुम्हाला वैकुंठात पोचवायला.

परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅम, हे फेसलेस लोक म्हणजे सिटीने माणसाची आयडेंटिटीच काढून घेतली, असं ना?" आजूबाजूचे चारजण ऐकायला थांबले. मी म्हणाले, "हो. सरांनी ते मुद्दामच तसं ठेवलं." तिने ते वहीत लिहून घेतलं. इतकी वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले आहे आणि दर वेळी मला लाज वाटते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दुसऱ्या रविवारी मी मोकळी होते, सर. टाऊनशिपची चित्रं आदल्या दिवशीच देऊन झाली होती. इतक्या इमारती रंगवल्या, पण मला माणसाचा चेहरा काढता येत नाही, हे तुम्हाला कळेल म्हणून मी आले नाही.