पाचगणीची जागा आणि थोरलीशी अबोला

१८ नोव्हेंबर

गेला एकदाचा फॉर्म. शेवटच्या दिवशी, इस्लामपूरच्या नेटकॅफेत, बंद व्हायच्या वेळेला. फोटो ईश्वरीचा तिसरीतला घातला, दुसरा जवळ नव्हता.

ईश्वरीला सहावीला पाचगणीच्या शाळेत घालायचं हे आम्ही दोन वर्षं बोलतोय. थोरल्या जाऊबाईंना सगळं माहीत. दिवाळीत मी स्वतः विचारलं होतं, अक्का, फॉर्म निघाले का हो? "न्हाई गं अजून. निघालं की सांगते की." आणि त्यांच्या स्वराचा फॉर्म तेव्हा भरूनसुद्धा झालेला! आज वर्गाच्या बाई सहज बोलून गेल्या म्हणून कळलं. नाहीतर पोरीचं वर्ष गेलंच होतं.

तिथून आल्या आल्या तिला परड्यात गाठलं. म्हणते कशी, "तुझ्या पोरीला झेपायचं न्हाई गं. उगं तिचं मन मोडंल, म्हणून बोलले न्हाई."

माझ्या पोरीच्या मनाची काळजी! आजपासून अबोला. या वहीतसुद्धा तिचं नाव येणार नाही. नुसतं थो.

१९ नोव्हें.

मागच्या भांडणात अबोला आधी मी मोडला होता. गणपती आले होते म्हणून. त्यावर ती वर्षभर मिरवली, "आली बघा गप गुमान." आमच्या घरात जो आधी बोलला तो हरला. सासूबाईंचा आणि त्यांच्या नणंदेचा अबोला इतका चालला की त्यात तीन लग्नं उरकली.

यंदा मी हरणार नाही.

२ डिसें.

मधल्या गोठ्यात आमची एक म्हैस, त्यांची एक. धार काढायची वेळ दोघींची एकच, त्यामुळे बोलायची सोय होते. सकाळी मी आमच्या म्हशीला म्हणाले, "तू बरी गं बाई. वैरण लपवून एकटीच खात न्हाईस." पलीकडं बादली आपटली.

दुपारी थो. दाणे टाकता टाकता कोंबड्यांना, "कितीबी खावा, कोंबडीची घार व्हतीय व्हय?"

लेकी बोले सुने लागे. फक्त आमच्याकडं लेकींच्या जागी म्हशी आणि कोंबड्या.

देवापुढं दोन गोष्टी मागितल्या. ई.चा नंबर लागू दे. स्वराचा हुकू दे. नुसतं पहिलं मागून माझं समाधान होणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

८ डिसें.

पोरींचं एकत्र बसणं बंद केलं. शाळेतून आल्या की दोघी थो.च्या ओसरीवर. ई. स्वराला गणित आणि बुद्धिमत्ता समजावायची, स्वरा हिला इंग्रजी. म्हणजे माझ्या पोरीच्या डोक्यावर तिची पोरगी पास होणार आणि वर कोंबडी म्हणून ऐकायचं आम्ही? मुळीच नाही.

ई.: "मग माझं इंग्रजी कोण घेणार?"

मी.

"तुला येतंय?"

येईल. मोबाईल आहे.

२१ डिसें.

आधी मी शिकते, मग तिला शिकवते, मधे चपात्या करपतात. आज ई. म्हणाली, "आई, स्वरा असं न्हाई सांगत." एक धपाटा दिला. खरा थो.चा होता, बसला पोरीला.

ह्यांचा फोन, पठाणकोटहून. सासूबाईंनी सगळं कानावर घातलेलं दिसतंय. "आगं, भांडान तुमचं आन् पेपर पोरींचा. बसू दे की दोघींना." म्हटलं, तुम्ही तुमची बॉर्डर सांभाळा, इथली मी बघते. तर हसायला लागले. "आपल्या शिराळ्याची मान्सं लय भारी. नागाला ववाळत्यात आन् डूख भावकीत धरत्यात."

हसा. तुम्हाला काय.

१५ जानेवारी

संक्रांत झाली काल. गल्लीतल्या सगळ्या हळदीकुंकवाला आल्या. थो. पण आली, न येऊन सांगते कुणाला. "तिळगूळ घ्या, गोड बोला" सगळ्यांना म्हटलं, तिच्या हातावर नुसता तिळगूळ ठेवला. तिनंही मान हलवून घेतला. सगळ्या बायका बघत होत्या, कोण आधी तोंड उघडतंय.

वाण म्हणून चहाची गाळणी दिली. एकाची दांडी वाकडी निघाली होती, ते बाजूला काढून ठेवलं होतं. कुणासाठी ते लिहायला नको.

कालपासून बरं वाटतंय.

२ फेब्रुवारी

परीक्षा झाली. केंद्र सांगलीला. पहाटेच्या एसटीला उभ्या होतो तर दिरांची गाडी समोरून गेली, मागची सीट मोकळी. काच खाली झाली नाही. झाली असती तरी मी बसले नसते, पण झाली नाही हे लक्षात ठेवलंय.

गेटवर गर्दी. थो. कुठंतरी मागं, दीर गाडी लावायला गेलेले, आणि स्वरा एकटी रडवेली होऊन माझ्यापाशी. "काकी, माझा नंबर कुठल्या खोलीत हाय?" फळा माझ्या डोळ्यांसमोर. तिचा नंबरही दिसत होता. मी ऐकलंच नाही असं केलं. अबोला आईशी आहे, पोरीशी नाही, हे कळत होतं मला. तरी मनातून थंड वाटलं. खोटं कशाला लिहू.

ई.नं फळा वाचला, तिचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. मला "येते" म्हणायचीही राहिली.

गणित सगळं सुटलं म्हणते. इंग्रजीच्या उताऱ्यावर मात्र काही बोलत नाही.

२६ फेब्रु.

लेखी निकाल. दोघीही मुलाखतीला. धार काढताना म्हशीला म्हटलं, "बघ गं, कोंबडीची घार झाली का न्हाई?" पलीकडून थो. तिच्या म्हशीला, "इंग्रजीत किती पडलं ते बी इचार की."

तिला कुठून कळलं? स्वरानं सांगितलं असणार. म्हणजे पोरी बोलतात. ई.ला विचारलं. "बोलत न्हाई. खुणा करतो."

१६ मार्च

पाचगणी. ह्यांना रजा नाही मिळाली, मी आणि ई. दोघीच. हवा थंड, पोरगी खूश. मुलाखतीआधी एका सरांनी मुलांना शाळा दाखवली. गच्चीवर मोठी दुर्बीण. दिवसाउजेडी त्यातून समोरचा डोंगर दाखवला, ई.ला म्हणे झाडावरचं माकड दिसलं. सर म्हणाले, इथं राहिलीस तर शनीची कडी दाखवीन. तेव्हापासून दुसरं काही बोलतच नाही. परतीच्या एसटीत घाटभर शनी.

आत दोन सर आणि एक बाई. मला विचारलं, मुलीला इथं का पाठवायचंय? मी पाठ केलेलं म्हटलं: शिस्त, संस्कार, सर्वांगीण विकास. पोटात एक, ओठात एक. पोटात होतं ते असं, की एकीची जिरवायची आहे.

मग ई.ला, जवळची मैत्रीण कोण? "स्वरा. आत्ताच येऊन गेली बघा, ती. पण आमचा अबोला हाय." बाई हसल्या. का गं? "आमचा न्हाई, आमच्या आयांचा." तिघंही माझ्याकडं बघायला लागले. घाटात कुठं दरड कोसळून मी त्याखाली जावं असं झालं.

मग इंग्रजीत काहीतरी विचारलं. ई. दोन वाक्यं बोलली आणि अडली.

घरी येऊन बोलले नाही तिच्याशी. जेवायला वाढलं फक्त.

१९ एप्रिल

यादी लागली.

स्वराची निवड. ईश्वरी प्रतीक्षा यादीत. त्या यादीत मुलींत पहिली, पण प्रतीक्षेत.

गणितात ई.ला स्वराहून जास्त. इंग्रजीनं मारलं. माझ्या इंग्रजीनं.

थो.नं स्वराच्या हातून पेढे पाठवले. पोरगी दारात उभी, डोळे सुजलेले, पेढा पुढं करून खाली बघत होती. तिच्या हातून घेतला आणि गोठ्यात जाऊन म्हशीला चारला, थो. बघत असताना. म्हैस शेपूट हलवत खात होती.

ई. दिवसभर गच्चीवर. ऊन किती, तरी खाली येईना.

२२ एप्रिल

सासूबाई या महिन्यात त्यांच्याकडं जेवायला आहेत, तरी दुपारी आमच्याकडं येऊन बसल्या. बातमी घेऊन. स्वरा म्हणते मी जाणार नाही. दोन दिवस जेवली नाही. रात्री आईशिवाय झोपत नाही ती, पहिल्यापासून. दीर म्हणाले, पोरगीला ढकलायचं न्हाई, जागा सोडा. जागा सुटली तर सरळ ईश्वरीला. तीस तारखेला पाच वाजेपर्यंत मुदत.

माझा जीव भांड्यात पडला. वर मनात आलं, बघा, नंबर लागून काय उपयोग, पोरगी घाबरट निघाली. गोठ्यात जाऊन म्हशीला म्हटलंसुद्धा, "देव हाय गं बाई, डोळं उघडून बसलाय."

थो. पलीकडंच होती. तोंडाला आवर घालायला पाहिजे होता.

२३ एप्रिल

थो.नं सासूबाईंकरवी निरोप धाडला. जसाच्या तसा लिहिते: "जागा पायजे आसंल तर तिनं माज्या दारात यावं आन् तोंडानं मागावी. न्हाईतर मी पैसं भरून जागा धरून ठीवते. पोरगी न्हाई गेली तरी चालंल, मोकळी ऱ्हाऊ दे."

भरेल. ती भरेल. मी तिच्या जागी असते तर मीही भरले असते, म्हणून तर मला एवढी खात्री आहे.

सासूबाई म्हणाल्या, "आगं दोन शब्दांचं काम हाय. माज्यावानी करू नगंस." म्हटलं, फॉर्म निघाल्याचं सांगायचं पण दोन शब्दांचंच काम होतं.

२५ एप्रिल

ह्यांचा फोन. "माग की. झिजतंय का काय तुझं?"

तुम्ही शत्रूपुढं माघार घेता का?

"घ्यावी लागती गं कवाकवा. मान्सं वाचत्यात त्यात."

फोन ठेवला मी. मग दीर रस्त्यात भेटले, त्यांना म्हटलं, भावजी, तुम्हीच सोडून टाका ना जागा. म्हणाले, "मोबाईल तिच्याकडं, पासवर्ड तिच्याकडं. मला घरात ऱ्हायचंय वैनी."

म्हणजे थो.च. दुसरा रस्ता नाही.

२८ एप्रिल

ई. सकाळी अंघोळ करून, वेणी घालून समोर उभी. "आई, चल. मी पण येते संगं." चांगली साडी नेसले. मागायलाच निघाले होते, देवाशप्पथ. अंगण ओलांडेपर्यंत शब्द जुळवून ठेवले होते: अक्का, जागा सोडा.

थो. दारात आली. पदर खोचून, चौकटीला हात लावून. नुसतं बघितलं, आणि ओठाच्या एका कोपऱ्यातून हसली. पाच महिन्यांचं सगळं त्या हसण्यात होतं. मी पदर नीट केला, परत नीट केला.

शेवटी ई. बोलली. "काकी, स्वरा जाणार न्हाई तर मी जाऊ का?"

"तुला कोन न्हाई म्हंतंय बाळा? तुझ्या आईला तोंड हाय की. तिला इचारू दे."

आणि वाट बघत उभी राहिली. स्वरा आतून तिचा पदर ओढत होती, "दे की गं आई, दे की." शेजारच्या दोघी धुणं टाकून बघत होत्या.

मी वळले आणि घरी आले.

का आले? आत्ता विचारलं तरी सांगता येईना. तिच्या दारात तिचं ते हसणं जिंकू द्यायचं नव्हतं, एवढंच होतं डोक्यात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसली मी.

ई. माझ्या मागून आली. रडली नाही. पुस्तकं पिशवीत भरून पिशवी माळ्यावर टाकली.

२९ एप्रिल

आज सकाळपासून ई. गप्प. मला वाटलं रुसली असेल, होईल नीट. चहा पुढं केला, तिनं घेतला, बोलली नाही. शाळेची सुट्टी कधीपासून म्हणून विचारलं. उत्तर नाही. केस विंचरते ये म्हटलं तर फणी घेऊन अंगणात गेली आणि स्वतःच विंचरले.

दुपारी सासूबाई आल्या. मी ताट वाढून ई.समोर धरलेलं. हातभरावर उभी होते मी. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आजीकडं तोंड करून म्हणाली,

"आज्जी, आईला सांग, मला भूक न्हाई म्हनावं."

आवाज शांत, अगदी माझा. मान वळवायची तऱ्हाही माझीच.

सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. मी ताट खाली ठेवलं. "ईश्वरी, माझ्याशी बोल," म्हटलं. दोनदा म्हटलं. ती आजीलाच म्हणाली, "आज्जी, तिला सांग, आधी बोलनारा हरतो म्हनावं."

उद्या पाचपर्यंत मुदत. थो. तिच्या ओसरीवर गहू पाखडत बसली आहे, इथून आवाज येतोय. ई. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली आहे. बोलायचं तर मला दोघींशीही आहे, आणि उंबऱ्यावर बसून राहिले आहे.