खाली थंड असतं

माय, तू गेलीस तेव्हा तुझ्या डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता. आता मी तुझ्यापेक्षा कितीतरी म्हातारी झाले आहे, तेव्हा खरं तर तूच माझ्या पाया पडायला हवं. तुला सांगायचं कारण असं, की आमच्या इथे, पुण्याच्या पेठेत, जमिनीखाली रेल्वेचं स्टेशन झालं आहे. आपल्या चांद्याची धूर ओकणारी गाडी नव्हे. विजेवर चालते, मेट्रो म्हणतात. रस्त्याच्या कडेला एक दार आहे, त्यातून आत गेलं की जिने आपोआप खाली नेतात, आणि खाली लग्नाच्या हॉलएवढी जागा, सगळीकडे लख्ख फरशी. वर आमची घरं, इस्त्रीवाला, दुपारी आडवी झालेली माणसं, आणि त्यांच्या पाठीखालून गाडी जाते. खोदकाम चाललं होतं तेव्हा इमारतीत बैठकांवर बैठका झाल्या. भिंतींना तडे जाणार, झोपेत आपण सगळे खाली जाणार, असं एकेक जण सांगत होता. मी आपली चहा पीत बसले होते. खाली माणसं खोदताहेत आणि वर भात शिजतो आहे, यात मला काय नवल? चांद्याच्या कोळसा खाणीवर, कॉलरीच्या लाइनीतल्या आपल्या सगळ्या खोल्या तशाच तर होत्या.

ती खोली मला अजून दिसते. दाराबाहेर सिगडी पेटलेली आहे, तिच्यावर सुकटाचं आणि वांग्याचं कालवण रटरटतं आहे, आणि तू नुकतीच कामावरून आली आहेस. दिवसभर उन्हात बसून कोळशातले दगड वेचायचं तुझं काम. माझ्या जन्माआधी तू खाली, खाणीत होतीस. बाबा कोळसा फोडायचे आणि तू तो रुळांवरच्या डब्ब्यांत भरायचीस. मी तान्ही असताना वरून हुकूम आला, की बायांनी खाली उतरायचं नाही. त्या हुकुमावर तुझा राग उन्हाळ्यागणिक वाढत गेला. चांद्याचं वैशाखातलं ऊन, पायाखाली तापलेला कोळसा, डोक्यावर लुगड्याचा पदर. तू घागरीतलं पाणी तोंडावर मारायचीस आणि सरकारला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचीस, ‘‘बायाइले वर काढलं अन् उन्हात ठेवलं. खाली कसं थंडं राह्यते! काई तरास नाई, काई नाई.’’ खाण म्हणजे मला मग कुठलंसं मामाचं गाव वाटायचं, सावलीचं आणि पाण्याचं.

ते वाटणं एका दिवसात संपलं. शेजारच्या खोलीतल्या काकांच्या पायावर खाणीच्या छताचा दगड पडला आणि चार जणांनी त्यांना खाटेवर घालून आणलं. काका पुढे लंगडत का होईना चालू लागले, पण मी तो पाय पाहिला होता. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, बाबा निघाले, आणि मी त्यांच्या धोतराला जे लटकले ते सुटलेच नाही. मग रोज तेच. भोंगा, माझं भोकाड, आणि लाइनीतल्या बाया दारात उभ्या राहून तमाशा पाहताहेत. बाबा बिचारे माझ्या बोटांतून धोतर सोडवत विनवायचे, ‘‘काऊन रडून राह्यली वं बाई? संध्याकाळी येतो ना मी.’’ त्यांना उशीर व्हायचा, हजेरी जायची. एकदा तू मला पाठीत सणसणीत धपाटा घातलास. ‘‘माणूस कामाले निंगाला का त्याच्या मांगं रडू नोको!’’ त्या धपाट्याने रडणं थांबलं, भीती थांबली नाही. मी दिवसभर कोपऱ्यात बसून राहायचे, जेवायचे नाही. माझ्या बरगड्या दिसू लागल्या तेव्हा तू धपाटे घालायचं सोडलंस.

मग खांडेनवमी आली. त्या दिवशी खाणीत काम बंद. कुदळी, फावडी, पंप, डब्बे, सगळं धुऊन त्याला हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. आणि त्या एका दिवशी घरच्यांना पाणी उपसायच्या पहिल्या पंपापर्यंत आत जाता यायचं. दसऱ्यासाठी तू मला आयुष्यातल्या पहिल्या चपला घेतल्या होत्यास. त्या घालून मी ऐटीत निघाले, आणि खाणीच्या तोंडाशी तू म्हणालीस, ‘‘काढ.’’ चपला चोरीला जातील म्हणून मी तिथेही गळा काढायच्या बेतात होते. तू खाली वाकलीस, जमिनीला हात लावून कपाळाला लावलास. ‘‘माहा बाप तलावात उतरे ना, तवा आंधी पाण्याले हात लावे. इथी बी तसंच. पायाले मालूम पडू दे कुठी जाऊन राह्यलो ते.’’ तू तलावावर मासे धरणाऱ्यांच्या घरची. तिथली रीत तू खाणीत आणली होतीस, आणि तुझ्या बरोबरच्या बायाही मग तशाच अनवाणी उतरायच्या, हे मला बाबांनी नंतर सांगितलं.

आपण उतरतो आहोत. उतार आहे, पायांना ओलसर गार लागतं आहे, बाबा कंदील घेऊन पुढे आहेत. दोन्ही बाजूंना सागाचे टेकू, छतातून थेंब थेंब पाणी. पंपाशी नारळ फुटतो, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर येतो. मग तू मला, छताला आधार म्हणून न फोडता ठेवलेल्या कोळशाच्या एका जाड खांबापाशी नेतेस आणि म्हणतेस, ‘‘इथी भरत होतो आम्ही डब्बे. तू बी इथीच होती, माह्या पोटात. तवा तं रडली नाई, अन् आता रडतं?’’ मला हसू आलं, माय. जिथे मी जन्माआधीच राहून आले होते तिथे भ्यायचं काय? दुसऱ्या दिवसापासून मी बाबांना दारातून हात करू लागले आणि पोटभर जेवू लागले. बाबांनी त्या खाणीत अख्खी नोकरी केली आणि धडधाकट बाहेर आले. मी शाळेत गेले, शिकले, मास्तरीण झाले, पुण्याला आले. यातलं सगळंच त्या दिवसामुळे झालं असं नाही म्हणणार मी. पण बरंच झालं.

आता यंदाचं सांगते. तुझे जावई न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. रात्री आमची मुलगी तिथे थांबायची, दिवसा माझी पाळी. रस्ते सगळे उखडलेले. रिक्षावाला एक तर येत नाही, आला तर दणक्यांनी माझेच खुबे मोडायची वेळ. आणि हे गृहस्थ माझ्याशिवाय कोणाच्या हातचं जेवायला तयार नाहीत. नर्सनं घास पुढे केला की तोंड मिटून भिंतीकडे पाहतात, ऑपरेशनच्या आधीच पार खंगून गेले. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद नसेल तर हात लावता येणार नाही. मुलगी म्हणाली, आई, मेट्रोनं ये, वीस मिनिटांत पोचशील. मी डबा घेऊन गेले, आणि त्या सरकत्या जिन्याच्या तोंडाशी माझे पाय खिळले. खालून गार वारा येत होता. बैठकीत चहा पिणारी शूर बाई मी, डबा घेऊन घरी परत आले. त्या दिवशी ते उपाशी राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि माझं मलाच कळायच्या आत चपला काढल्या, वाकून फरशीला हात लावला. वरचा पहारेकरी धावत आला. ‘‘आजी, चपला इथं सोडू नका. बेवारस वस्तू म्हणून वर कळवावं लागतं मला.’’ मी म्हटलं, ‘‘अरे बाबा, पायांना कळायला नको का कुठे चाललेत ते?’’ त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चपला उचलल्या, माझ्या पिशवीत डब्याच्या शेजारी ठेवल्या आणि जिन्यापर्यंत सोडायला आला. मी अनवाणी उतरले. खाली खरंच थंड होतं, माय. तू सांगायचीस तसंच. वरण-भात कालवून भरवला तेव्हा ह्यांनी विचारलं, ‘‘आज कशी आलीस?’’ ‘‘माझ्या माहेरावरून,’’ मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही, पण जेवले. मग रोज जेवले. ऑपरेशन झालं. तू मला जन्म दिलास त्याबद्दल काय बोलायचं, ते सगळ्याच आया करतात. पण ती नवमी तू दिलीस, तिचे उपकार मी ह्या वयात घासाघासाने वापरले.

मागच्या आठवड्यात ते तपासणीला काठी टेकत निघाले. रिक्षा नको म्हणाले, तुझं माहेर दाखव म्हणाले. लिफ्टनं खाली गेलो. गाडीचा आवाज आला तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. ‘‘तुला भीती नाही वाटत?’’ मी म्हटलं, ‘‘छे! इथे कसं थंड असतं.’’ आणि माझा तळहात घामाने नुसता निथळत होता. त्यांना कळलं असणारच. पण हात त्यांनी सोडला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, आणि टाकायचं असतं तर पुढचं लिहिलंही नसतं. माझी आई कशालाच भीत नसे, असं मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले. पुढेही तेच सांगणार आहे. पण खांडेनवमीच्या दिवशी, खाली उतरल्यापासून वर येईपर्यंत, माझ्या हातातला तुझा हात ओलाचिंब होता, माय. तेव्हा मला वाटलं, छतातलं पाणी असेल.