बुटका की उंच

प्रिय कॉर्बिन,

दचकू नकोस, मी तुझी आजी. आठवत नसेन तर उजवा कान चाचपून बघ. लहानपणी मी तोच पिळायचे. मला कुठलं लिहायला येतंय, मी बोलतेय आणि तुझी आई लिहितेय. एकही शब्द गाळायचा नाही, अशी तिला ताकीद दिलीय. मध्येच अक्षर वाकडं झालं तर समजून घे.

ओहायोत घर घेतलंस, भोवती तीन एकर गवत आहे म्हणे. कापायला केवढा ट्रॅक्टर लागेल, असं आईला विचारलंस. तुझं रान सपाट, तिथे पंचवीस एचपीचा मिनी पुरे. पण तुला कुठलं बुटकं काही आवडायला! आमच्यासाठी घ्यायचा होता तेव्हा तुझा बाप, माझा डेनव्हर, दुकानात त्या बुटक्याभोवतीच घुटमळत होता. रुंद बुडाचा, जमिनीला धरून चालणारा. आपली सगळी माणसं टेकडीच्या माथ्यावर पुरलेली. मे महिन्यात थडगी सजवायच्या रविवाराआधी तिथलं गवत कापायचं, म्हणजे उतारावर आडवं जायचं, हे त्याला कळत होतं. तू फोनवर काय म्हणालास? "बाबा, चाळीसचाच घ्या. त्या खेळण्यावर तुम्ही सर्कशीतल्या अस्वलासारखे दिसाल." किती हसलास रे! तोही हसला, आणि चाळीसचा घेऊन आला. लेकानं निवडलाय म्हणून गावभर मिरवला.

घरी आणल्यावर कळलं, तो शेडच्या दारातून आत जाईना. डोक्यावरची लोखंडी कमान चौकटीला अडायची. गाडी उलटली तर माणसाला वाचवते ती कमान. दार आजोबांच्या हातचं, ते कापायचं कसं? मग डेनव्हर रोज कमान मागे दुमडून ट्रॅक्टर आत घालायचा आणि बाहेर काढला की कमान उभी करायचा. पुढे पुढे दुमडलेलीच ठेवायला लागला. तुझी आई ओरडायची, "कमान, डेनव्हर!" तो म्हणायचा, "वर जाऊन लगेच येतोय गं."

गेल्या मेमध्ये तो वर गेला, तो वरच राहिला. फार लांब न्यावंही लागलं नाही, जागा तिथेच होती. तू आलास, कोट छान होता तुझा. ट्रॅक्टर कसा उलटला, हे काही विचारलं नाहीस. जेवायच्या आधीच निघालास, म्हणून आज सांगितलं.

आता पत्र कशासाठी, ते ऐक. "बाबांचा ट्रॅक्टर नुसता पडूनच आहे, तर मी घेऊन जाऊ का?" असं आईला विचारलंस. ने की! दुरुस्त करून, धुऊन ठेवलाय. त्याच्या शेजारी मी बुटकाही आणून उभा केलाय, डेनव्हरला हवा होता तोच. तो कमानीसकट दारातून सुळकन आत जातो. येत्या रविवारी थडगी सजवायला सगळं गोत जमेल. तू शनिवारीच ये आणि बापाच्या थडग्याभोवतीचं गवत काप. दोन्हीतला कुठला न्यायचा वर, ते तूच ठरव. गेल्या खेपेलाही तूच ठरवलं होतंस. कमान उभी ठेव रे बाळा. हे शेवटचं वाक्य तुझ्या आईचं, तिनं वाचून दाखवलं तेव्हा कळलं. मी सांगितलं नव्हतं.

तुझीच,
आजी (खालची फुली माझी)
×

ता. क. यायला जमलं नाही, तर वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक पाठव, डेनव्हरला आवडायचा तो. तुझ्या हातचा. दुकानातला आणलास तर डुकरांना घालीन.