खुर्चीसाठी चड्डी

२ एप्रिल, शनिवार
निर्णय पक्का. उद्यापासून सायकलिंग.
कारण, नवे साहेब. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, पण माणूस पारखी. काल जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, दर रविवारी सकाळी सहाला ऑफिसच्या गेटपासून सायकलवर निघतो, कोणाला यायचं तर या. ‘कोणाला’ म्हणताना माझ्याकडे बघितलं. रेकॉर्ड सेक्शनच्या हेडची खुर्ची जानेवारीपासून रिकामी आहे. सव्वीस वर्षं मी तिच्या शेजारी बसतोय. आणखी काय सांगायला हवं?
पलीकडच्या टेबलावरचा टकलूही येणार म्हणे. येऊ दे बिचाऱ्याला.
बायकोला सांगितलं. म्हणाली, जा, अवश्य जा.

३ एप्रिल, रविवार
जुनी पँट घालून अठरा किलोमीटर. दम अजिबात लागला नाही. फक्त बसता येत नाही. चहा उभ्याने घेतला, जेवणही. घरच्यांना सांगितलं, उभं राहून जेवलं की पचन सुधारतं. कन्येने विचारलं, मग टीव्ही उभ्याने बघितला की काय सुधारतं? या पिढीला आदर नाही.

५ एप्रिल, मंगळवार
सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराची शेंडी माझ्या कन्येपेक्षा लांब. म्हणाला, उन्हाळ्यासाठी पातळ, हवा खेळेल अशी चड्डी घ्या. अंगाला चपखल बसायला हवी, पॅड मध्यम, शिवण सपाट. आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, आत काही घालायचं नाही.
घरात तरुण मुलगी आहे म्हटलं.
सगळ्यात जाड पॅडची, काळी घेतली. आतून सशासारखी मऊ. तो म्हणाला, ही थंडीतली आहे. मी म्हटलं, मऊ ते मऊच, त्याला ऋतू काय करणार? विकलेला माल परत घेत नाही, असं त्याने दोनदा बजावलं. धंदा कसा करावा हे कळत नाही.

१० एप्रिल, रविवार
आत सुती चड्डी, वर सशाची. सात वाजताच ऊन पेटलेलं. बाराव्या किलोमीटरला सगळा घाम पॅडने पिऊन टाकला. उतरल्यावर पाय जवळ येईनात. साहेबांनी थांबून विचारलं, पायाला काही झालंय का? सहा जणांत फक्त माझी चौकशी केली!
घरी आलो तर कन्या म्हणाली, बाबा, लंगोट बदलायचा राहिलेल्या बाळासारखे चालताय. तिला एक आठवडा मोबाईल न देण्याचं ठरवलं. दिला.

१३ एप्रिल, बुधवार
मांड्या सोलून निघाल्या आहेत. उपाय, पावडर. भरपूर.

१४ एप्रिल, गुरुवार
पावडर अधिक घाम बरोबर कणीक. उपाय रद्द.

१७ एप्रिल, रविवार
इंटरनेटवर वाचलं, क्रीम लावावं. पहाटे घाईत बाथरूममधली ट्यूब घेतली आणि सढळ हाताने लावलं. नवव्या किलोमीटरला लक्षात आलं, ते पाठदुखीचं मलम होतं.
त्यानंतरचे तीन किलोमीटर माझ्या आयुष्यातले सगळ्यात वेगवान. टकलूला मागे टाकलं. साहेबांनाही टाकलं. पेट्रोल पंपावर गाड्या धुवायचा पाईप होता, तो सरळ चड्डीत सोडला. पंपवाला ओरडला. मागून साहेब आले आणि टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. कर्तृत्वाला दाद देणारा वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं.

२१ एप्रिल, गुरुवार
चूक सापडली. रंग! काळा रंग उष्णता शोषतो, शाळेतलं विज्ञान. पांढरी चड्डी मागवली, पातळ. शिवाय मी स्वतंत्र अभ्यास करून या निष्कर्षाला आलो आहे की आत काही घालू नये. हे त्या शेंडीवाल्याला कधीच कळलं नसतं. चपखल बसावी म्हणून एक नंबर लहान घेतली.
बायको म्हणाली, पांढरी घामाने भिजल्यावर काय होईल याचा विचार केलात का? तिला विज्ञानात कधीच गती नव्हती.

२४ एप्रिल, रविवार
स्वर्गीय! वारा थेट लागतो.
अर्ध्या वाटेत साहेब म्हणाले, तुम्ही कृपया सगळ्यांच्या मागे चालवा. शेवटी अनुभवी माणूस लागतोच. अकाउंट्समधल्या बाई मात्र घरून फोन आला म्हणून तिथूनच परतल्या. टकलूने मुद्दाम मागे राहून माझे फोटो काढले. जळतो, पण मनातून मानतो.

२६ एप्रिल, मंगळवार
ऑफिसात माझा दरारा वाढला आहे. मी आलो की सगळे गप्प होतात, मान खाली घालतात, काहींचे खांदे हलतात. नोटीस बोर्डवर कोणीतरी कागदाचा मोठा गोल चिकटवून खाली ‘पौर्णिमा’ लिहिलंय. आज पौर्णिमा नाही, हे मी स्वतः सर्वांच्या लक्षात आणून दिलं. शिपायाला तर खुर्ची धरावी लागली.

३० एप्रिल, शनिवार
डावीकडे एक गाठ. लिंबाएवढी. सीटला सरावल्याची खूण असावी.
बायको स्वतः दुकानात जाऊन चड्डी घेऊन आली. दहा मिनिटांत. काळी, पातळ, माझ्या मापाची. म्हणाली, ही घाला, डॉक्टरला दाखवा, पण रविवार बुडवू नका. माया आहे तिची. पण काळी! परत गरम होणार. कपाटात ठेवून दिली.

१ मे, रविवार
उभ्याने पॅडल मारत बावीस किलोमीटर. साहेबांना सूचक विचारलं, खुर्चीचं काय? म्हणाले, आधी बसण्यासारखे व्हा. शब्दच दिला म्हणायचा.

८ मे, रविवार
ताप. तरी निघालो. गेटपाशी पडलो. थोडक्यात हुकलं.

१० मे, मंगळवार
गाठ कापली. डॉक्टरीणबाईंनी बघायला चार विद्यार्थी बोलावले. विचारलं, एवढं दुखत होतं तरी सायकल चालवत का राहिलात? म्हटलं, निष्ठा. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, लिहा, हेळसांड.
पंधरा दिवस पालथं झोपायचं. वर्षभर सायकल बंद.

१५ मे, रविवार. दुपार
टकलू फळं घेऊन आला. मी पालथाच. त्याने सांगितलं, शुक्रवारी ऑर्डर निघाली. हेडची खुर्ची आवक-जावकच्या बाईंना. त्या जन्मात सायकलवर बसलेल्या नाहीत.
मी म्हटलं, मी आजारी पडलो म्हणून गेली. तो म्हणाला, छे हो, नावं मार्चमध्येच वर गेली होती, तुमचं नव्हतंच. सगळ्यांना ठाऊक होतं.
मग मला का नाही सांगितलंस?
खाली बघत म्हणाला, रविवारची मजा कोण घालवणार? आणि केळं सोलून मला दिलं.
तो गेल्यावर बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, हो, त्याच्या बायकोने एप्रिलच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं.
आणि तू जाऊ दिलंस?
ती चादर नीट करत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, रविवारी सकाळी तीन तास घर शांत असायचं.