दलदलीची किडनी

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझं छपाईचं दुकान जोरात आहे आणि मांजरीने पुन्हा पिल्लं घातलीत. आता नीट बसून वाच, आपण जिंकलो! दलदल बुजवून पार्किंग करायचा ठराव काल नगरपालिकेने रद्द केला.

तू पाठवलेले आलेख मी आधी बॅनरवर छापले. लोक त्याखाली उभे राहून बसची वाट बघायचे, मान वर करतील तर शपथ. मग तुझं जुनं वाक्य आठवलं, दलदल ही शहराची किडनी, घाण पाणी गाळणारी. छापली मोठ्ठी किडनी. दुसऱ्या दिवशी समोरचा न्हावी विचारतो, "काजूचा सेल कुठे लागलाय गं?" खाली ठळक अक्षरांत 'किडनी' लिहिलं, तर लोक आणखीच हसले.

बाबांचं तर तुला ठाऊकच आहे. "उद्या चिखलाला फुप्फुसंही फुटतील," असं ते भर जेवणात म्हणाले आणि तू बॅग भरलीस.

काल सुनावणीला मी त्यांना घेऊन गेले. हो, हल्ली एकटे जात नाहीत. जुने दुकानदार, पार्किंगच्याच बाजूने बोलणार, म्हणून अध्यक्षांनी त्यांना पहिलं बोलावलं. बाबांनी बाही वर सारून सुयांनी फुगलेला हात दाखवला.

"माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा मशीनवर पडून असतो. उठतो तेव्हा पिळलेलं फडकं झालेलो असतो. दलदल बुजवाल, मग शहराला कुठल्या मशीनवर ठेवाल? माझी थोरली हेच सांगत होती. मी हसलो. तुम्ही हसू नका."

कुणी हसलं नाही. ठराव रद्द करा म्हणत लोकांचे भराभर हात वर झाले, न्हाव्याचा सगळ्यात आधी, आणि अध्यक्षांना ऐकावंच लागलं. बाहेर पोरं बाबांना खांद्यावर घ्यायला धावली, तर हे ओरडतात, "अरे, हात सांभाळा माझा!" इतकी हसले आणि इतकी रडले, ताई, की काही विचारू नकोस.

त्यांचं हे मशीनचं उन्हाळ्यापासून चाललंय. "थोरलीला कळवलंस तर याद राख," असा दम होता मला. मी भित्री, गप्प बसले. पण काल त्यांनीच भर सभेत सांगितलं, आता मी कशाला लपवू?

आज सकाळी त्यांनी तुझी गादी उन्हात टाकायला लावली. कोण येणार आहे, ते मी विचारलं नाही.

हे पत्र बाबांनी वाचलंय. एक शब्दही खोडला नाही.

वाट बघणारी,
म्हणजे वाट बघणारे दोघं